इराण्याचे टेबल आणि मध्यरात्रीची सीमा : मुंबईतील हॉटेले, वस्त्या आणि साठोत्तरी मराठी साहित्य

१

साठोत्तरी मराठी साहित्याच्या इतिहासलेखनात इराणी हॉटेलाचा उल्लेख बहुधा आठवणीच्या सुरात येतो. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, बशीत ओतलेला चहा आणि तासनतास चालणारी चर्चा हे चित्र संस्मरणांतून, मृत्युलेखांतून आणि गौरवग्रंथांतून इतक्या वेळा रेखाटले गेले आहे, की त्याला आता नेपथ्याचे रूप आले आहे. नेपथ्य घटनेच्या मागे उभे असते, ते घटना घडवीत नाही. लघुनियतकालिकांचे अभ्यासक अंकांची, त्यांतील जाहीरनाम्यांची आणि प्रस्थापितांशी झालेल्या वादांची बारकाईने छाननी करतात. पण ज्या टेबलांवर या साऱ्याची चर्चा झाली, त्या टेबलांशी बसण्याची सोय कोणाला, किती वेळ आणि किती पैशांत उपलब्ध होती, हा प्रश्न साहित्यबाह्य म्हणून बाजूस राहतो.

हा प्रश्न साहित्यबाह्य ठरविल्यामुळे वाङ्मयेतिहासाचे नुकसान झाले आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. मुंबईत हॉटेल ही साहित्यव्यवहारातील एक संस्था बनली, याचे मूळ संभाषणाच्या हौसेपेक्षा जागेच्या टंचाईत आहे. ज्याला स्वतःची खोली नाही, अशा माणसाला अल्प मोबदल्यात 'बसण्याची मुभा' या संस्थेने दिली. ही मुभा जात, लिंग आणि वेळ अशा तीन मर्यादांनी बांधलेली होती. पहिली मर्यादा इराण्याने बऱ्याच अंशी सैल केली, दुसरी जवळजवळ तशीच ठेवली आणि तिसरी कायद्यानेच त्याच्यावर लादली. या कालखंडातील महत्त्वाचे साहित्य त्या मुभेचा लाभ घेऊन लिहिले गेले. त्यातील श्रेष्ठ साहित्य मात्र तिच्या मर्यादांकडे डोळे उघडे ठेवून लिहिले गेले.

या विषयाचा विचार करताना युर्गेन हाबरमास यांच्या सिद्धान्ताचा आधार घेण्याचा मोह होतो. त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९६२ सालचा. १९८९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाल्यानंतर 'सार्वजनिक क्षेत्र' ही संकल्पना आपल्याकडील चर्चांतही रूढ झाली. लंडनमधील पहिले कॉफीगृह १६५२ साली निघाले. पुढील शतकात व्यापारी, वकील आणि लेखक अशा ठिकाणी वृत्तपत्रे वाचीत, वाद घालीत, आणि त्यातून राजसत्तेला प्रश्न विचारणारे लोकमत तयार झाले, असा त्या सिद्धान्ताचा गाभा आहे. दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेतले, ही घटना त्या लोकमताच्या बळाची खूण मानली जाते. परंतु लंडनच्या कॉफीगृहातील गिऱ्हाईक घरदार असलेला, व्यवसायात स्थिरावलेला पुरुष होता. तो घरातून बाहेर पडून सार्वजनिक जीवनात येत होता. मुंबईच्या इराण्याकडे येणाऱ्या माणसाला पुष्कळदा मागे ठेवण्यासाठी घरच नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जणांत, किंवा गावकीच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला हॉटेलातली खुर्ची हीच काही काळ स्वतःची अशी जागा होती. खाजगी आणि सार्वजनिक यांच्यातील जी विभागणी हाबरमास गृहीत धरतात, तीच येथे उलटी होते. इराण्याच्या टेबलाशी माणूस एकान्तासाठीही जात असे.

२

चहा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात शिरला तो जातिप्रश्न होऊनच. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर आलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध केली आणि न्यायमूर्ती रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर येऊन थांबले. एका पेल्याने एवढे वादळ उठवले, कारण पेय कोणाच्या हातचे आणि कोणाच्या पंक्तीला बसून घेतले, यावरच सामाजिक स्थान ठरत होते.

या पार्श्वभूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत आलेल्या इराणी स्थलांतरितांच्या हॉटेलांचे महत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. यझ्द आणि केरमान या भागांतून आलेले हे बहुतेक झरथुष्ट्री होते, काही मुसलमानही होते. हिंदू जातिव्यवस्थेच्या उतरंडीत त्यांना नेमके स्थान नव्हते, आणि गिऱ्हाइकाची जात विचारण्यात त्यांना स्वारस्यही नव्हते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे परंपरेने सांगितले जाते. या समजुतीत तथ्य किती हा भाग वेगळा. परंतु कोपऱ्याची जागा ही या हॉटेलाची खरी ओळख ठरली. दोन रस्त्यांवर उघडणारी दारे, आतल्या भिंतींवरचे आरसे आणि दारासमोरच गल्ल्यावर बसलेला शेठ अशी ही रचना होती. आरशांमुळे मालकाला सारे हॉटेल दिसे आणि गिऱ्हाइकालाही आपल्यासकट सारे दिसे. आपण अनोळखी माणसांत बसलो आहोत, ही जाणीव या जागेतच रुजलेली होती.

याउलट वाडीतले किंवा गल्लीतले उपाहारगृह गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखत होते. 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणांची खाणावळ' असल्या पाट्या केवळ स्वयंपाकाच्या चवीविषयी माहिती देत नव्हत्या. दाराशी कोणी थबकावे हे त्या सांगत होत्या. उपाहारगृहांतील प्रवेश हा किरकोळ प्रश्न नव्हता, याचा सर्वांत ठळक पुरावा संविधानातच आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांचा नावाने उल्लेख करून तेथील प्रवेशाविषयीचा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाच्या दाराला स्थान द्यावे लागले, कारण ते दार बंद होते.

इराण्याने जात नाहीशी केली असे अर्थातच नव्हे. त्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले, आणि ते व्यापारी हिशेबातून केले. या दुर्लक्षाचे मोल मात्र कमी नव्हते. ज्या पिढीने वसतिगृहांतून आणि चाळींतून शिक्षण घेऊन १९६० नंतर लिहिण्यास आरंभ केला, त्या पिढीतील दलित, कामगार आणि पांढरपेशा तरुण एकाच टेबलाशी बसू शकले, ही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. सहपंक्तीचा प्रश्न सुधारकांनी तत्त्व म्हणून मांडला होता. येथे तो चर्चेविना, दोन चहा आणि एका ब्रून-मस्क्यात, व्यवहारापुरता सुटत होता.

या मुभेला आर्थिक आधारही होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली. त्यामुळे फोर्ट, धोबीतलाव, ग्रँट रोड किंवा दादर येथील मोक्याच्या कोपऱ्यांवरही एका चहावर दोन तास बसणारे गिऱ्हाईक मालकाला परवडत असे. पुढच्या पिढीने ज्याला 'इराण्याचे औदार्य' म्हणून गौरविले, त्याच्यामागे गोठलेल्या भाड्याचे गणित होते. औदार्य नव्हतेच असे म्हणण्याचे कारण नाही. पण भाडेकायदा बाजूला ठेवून त्या औदार्याचा इतिहास लिहिता येत नाही. शिवाय ही मुभा सूचनांच्या चौकटीत दिलेली होती. मोठ्याने बोलू नये, फार वेळ बसू नये, आरशासमोर केस विंचरू नयेत अशा धर्तीच्या सूचनांचे फलक या हॉटेलांत लागलेले असत. निस्सीम इझिकेल यांनी अशाच सूचनांच्या भाषेतून एक इंग्रजी कविता उभी केली. नियम लिहून लावावे लागत, यावरूनच ते मोडले जात होते हे कळते.

३

मुंबईच्या वस्त्यांचा स्वभाव त्यांच्या हॉटेलांवरून ओळखता येत असे. गिरगावात कारकून आणि विद्यार्थी यांच्यासाठी खाणावळी आणि उपाहारगृहे होती. माटुंग्याला दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांची वस्ती वाढली, तशी उडुपी पद्धतीची भोजनगृहे उभी राहिली. रामा नायक यांचे प्रसिद्ध भोजनगृह १९४२ सालचे. मुंबईत रोजच्या सवयीची कॉफी आढळत होती ती या वस्तीत. चर्चगेटला १९३६ साली कॉफीच्या प्रचारासाठी निघालेले इंडिया कॉफी हाऊस शहरी सुशिक्षितांचे होते. १९६४ साली जहांगीर कलादालनात सुरू झालेले 'समोवार' चित्रकारांचे झाले. गिरणगावात खाणावळ चालविणाऱ्या बाया कामगारांना महिन्याच्या बोलीने जेवू घालीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच बायांचे. मराठीत 'हॉटेल' हा शब्द मुक्कामाच्या जागेऐवजी चहाच्या जागेसाठी रूढ झाला, यातही मुंबईच्या या जीवनक्रमाचेच प्रतिबिंब आहे.

वाङ्मयीन सत्तेचेही असेच पत्ते होते. 'सत्यकथा' आणि मौज यांचा पत्ता गिरगावातील खटाववाडी हा होता. तेथील कार्यालय हे संपादनाच्या अत्यंत काटेकोर संस्कृतीचे केंद्र होते. हस्तलिखित तेथे जाई, वाचले जाई, सूचनांसह परत येई. कथा-कवितेचे संपूर्ण, घोटीव आणि एककेंद्री रूप या संस्कृतीने सिद्ध केले आणि मराठी साहित्याला त्याचा मोठा लाभ झाला. मात्र खटाववाडीत प्रवेश हस्तलिखिताच्या योग्यतेवर अवलंबून होता आणि योग्यतेचे निकष तेथेच ठरत होते.

लघुनियतकालिकांना असा पत्ता नव्हता. १९५०च्या दशकाच्या मध्यात निघालेल्या 'शब्द'पासून अशोक शहाणे यांच्या 'असो'पर्यंत आणि पुढे राजा ढाले यांच्या नियतकालिकांपर्यंत कार्यालय नावाची वस्तू बहुधा कोणाच्या तरी खोलीतली एक पेटी असे. संपादकीय चर्चा हॉटेलात होई. याचा परिणाम केवळ सोयीपुरता राहिला नाही. या अंकांतील लेखनाचे रूप पाहिले, तर त्यात संभाषणाची लक्षणे दिसतात: मध्येच तुटणे, दुसऱ्याचे वाक्य उचलणे, उपहास, खाजगी संदर्भ आणि पुराव्यापेक्षा पवित्र्याला दिलेले महत्त्व. हे दोष म्हणून मोजता येतील आणि तसे ते मोजलेही गेले. पण कार्यालयीन संपादनाला जे रूप विस्कळीत वाटत होते, ते टेबलावरच्या बोलण्याचे रूप होते. हॉटेलातील भाषाही एकजिनसी नव्हती. मालकाची गुजराती, पोऱ्याची हिंदी, गिऱ्हाइकांची मराठी आणि पाटीवरची इंग्रजी या साऱ्या एकाच छपराखाली नांदत होत्या. अरुण कोलटकर यांनी बंबइया हिंदीत केलेल्या कविता हा केवळ प्रयोगशीलतेचा नमुना मानला, तर त्यांचा उगम हातातून निसटतो. शहरात जी भाषा प्रत्यक्ष चालत होती, तिला कवितेत प्रवेश देण्याचा तो प्रकार होता.

१९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटाववाडीसमोर 'सत्यकथे'चा अंक जाळला. ही घटना दोन वाङ्मयीन भूमिकांचा संघर्ष म्हणून वाचली जाते आणि ते योग्यच आहे. तिला भौगोलिक बाजूही आहे. वाडीच्या आत असलेल्या सत्तेसमोर रस्त्यावरची माणसे उभी राहिली. कोपऱ्यावरचे हॉटेल आणि आतली वाडी यांच्यातील अंतर त्या दिवशी दृश्य झाले.

४

येथपर्यंतचा इतिहास दिवसाचा आणि सायंकाळचा आहे. मुंबईतील हॉटेलांना १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मध्यरात्रीची सीमा घातली होती. दिवे मालवले, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या, की बसण्याची मुभा संपे. त्यानंतर शहर संपत नव्हते. ते दुसऱ्यांच्या ताब्यात जात होते.

मुंबईची रात्र ही प्रथमतः कामाची रात्र आहे. १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे आले आणि पुढे गिरण्यांत वीज आल्यावर कामाचा दिवस सूर्यास्तापलीकडे लांबला. रात्रपाळी हा गिरणगावाच्या जगण्याचा एक कायमचा विभाग झाला. करमणुकीची वेळही पाळीच्या भोंग्याशी जुळवून घेत होती. ग्रँट रोडच्या परिसरातील नाटकघरांच्या वस्तीला लोकांनी 'पिला हाऊस' हे नाव दिले आणि लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला कामगार येत. याच्या जोडीला दारूबंदी आली. १९४९ च्या कायद्यानंतर मद्यपान परवान्याखेरीज गुन्हा ठरले आणि त्यातून 'आंटीचा गुत्ता' जन्माला आला. चहासाठी माणसे घरातून बाहेर पडून हॉटेलात येत होती. दारूसाठी ती परक्याच्या घरात शिरू लागली. कायद्याने जे सार्वजनिक जागेतून हाकलले, ते चाळीच्या खोलीत आणि झोपडीत जाऊन बसले. गरीब वस्त्यांची रात्र इतरांच्या गरजेसाठी खुली झाली आणि त्या वस्त्यांची बदनामी मात्र वस्त्यांच्याच वाट्याला आली.

या रात्रीचे मराठी साहित्यातील चित्रण पाहताना निरीक्षकाची जागा कोठे आहे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या कादंबरीने निरीक्षक नाक्यावर आणला. त्या पोरांकडे हॉटेलात बसण्याइतकेही पैसे आणि कारण नसते. कोपरा हीच त्यांची बैठक. आचार्य अत्रे यांनी या कादंबरीवर केलेला हल्ला अश्लीलतेच्या मुद्द्यावर होता, पण अस्वस्थतेचे खरे कारण वेगळे संभवते. नाक्यावर उभ्या असलेल्या पोरांना शहर एरवी बाहेरून पाहत होते. येथे ती पोरे शहराकडे पाहत होती आणि त्यांच्याच बोलीत पाहत होती. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ'ने (१९६६) रस्त्याला शिक्षणसंस्थेचा दर्जा दिला. त्यातील श्रद्धा कामगारवर्गाच्या भविष्यावर आहे. म्हणून त्यांच्या कवितेतील रात्र पहाटेकडे तोंड करून उभी असते.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) ही दिशाच नाकारली. कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढलेल्या आणि टॅक्सी चालविलेल्या या कवीला रात्र ही सहलीची वेळ नव्हती. तेथील स्त्रियांची ती पाळी होती. गिरणीतील रात्रपाळी आणि कुंटणखान्यातील रात्र या दोहोंत श्रम एकाच वेळी विकले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे 'गोलपिठा'ची भाषा केवळ धक्का देण्यासाठी योजिलेली नाही, हे स्पष्ट होते. ती तेथील कामाची भाषा आहे. विजय तेंडुलकर यांनी प्रस्तावना लिहिण्यापूर्वी कवीकडून शब्दांचे अर्थ समजून घेतले आणि त्या वस्तीत त्याच्यासोबत फेरफटका केला. ही प्रस्तावना साहित्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रवास आहे. मुंबईतच राहणाऱ्या एका समर्थ लेखकाला त्याच शहरातील, त्याच भाषेतील कविता वाचण्यासाठी वाटाड्याची गरज पडली. इराण्याच्या टेबलाने मिटवलेले अंतर मध्यरात्रीनंतर पुन्हा किती पसरत होते, याचे हे प्रमाण आहे.

म्हणूनच साठोत्तरी बंडखोरीला एकजिनसी मानण्याची सवय तपासून पाहावी लागते. लघुनियतकालिकांची चळवळ आणि दलित साहित्याची चळवळ यांच्यातील देवाणघेवाण खरी होती, टेबलही पुष्कळदा सामाईक होते. परंतु टेबलावरून उठल्यावर प्रत्येकजण ज्या वस्तीत परतत होता, ती वस्ती सामाईक नव्हती. एकासाठी बंडखोरी संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्री थांबत होती, तर दुसऱ्यासाठी मध्यरात्रीनंतरचे जग हेच तिचे कारण होते.

५

स्त्रियांची मर्यादा याहून कठोर होती. इराणी हॉटेलात 'फॅमिली रूम' असे. पडदा किंवा लाकडी आडोसा लावलेल्या त्या भागात स्त्रीने कुटुंबासह बसावे, अशी अपेक्षा होती. एकटी स्त्री मुख्य दालनात टेबल अडवून दोन तास लिहीत बसली आहे, हे दृश्य त्या जगात अपवादानेही क्वचितच शक्य होते. ज्या बैठकीतून एका पिढीचे वाङ्मयीन चरित्र घडले, तिच्यात निम्म्या समाजाला खुर्ची नव्हती. हाबरमास यांच्यावरील नॅन्सी फ्रेझर यांची १९९० मधील टीका येथे उपयुक्त ठरते: सार्वजनिक क्षेत्र सर्वांना खुले असल्याचा दावा करते, तेव्हा त्यातून कोण वगळले गेले आहे हे पाहणे, हीच त्याची खरी व्याख्या होय.

या वगळण्याचे मराठीतील सर्वांत प्रखर साधन म्हणजे मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) हे आत्मकथन. ते बहुधा ढसाळ यांच्या चरित्राचे पूरक साधन म्हणून, किंवा वैवाहिक दुःखाची कहाणी म्हणून वाचले जाते. प्रस्तुत संदर्भात त्याचे वाचन वेगळे होऊ शकते. मित्र, चळवळ, दारू आणि रात्र यांचे जे जग इतरत्र तेजस्वी दिसते, त्याची किंमत घरात कशी मोजली जात होती, हे या पुस्तकात दिसते. घरी थांबलेली स्त्री हीदेखील कवयित्री होती, ही गोष्ट त्या इतिहासाला अडचणीची आहे. टेबलाभोवतीच्या आठवणींचा एक शब्दही खोटा न ठरविता हे आत्मकथन त्यांचा अर्थ बदलून टाकते.

मर्यादेचे भान टेबलाशी बसूनही येऊ शकते, याचे उदाहरण कोलटकरांच्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये (२००४) आहे. हे पुस्तक इंग्रजीत असले तरी मराठी साहित्यव्यवहाराशी ते अतूट आहे. शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ते काढले. 'वेसाइड इन' या उपाहारगृहात कोलटकर आणि त्यांचे मित्र गुरुवारी दुपारी वर्षानुवर्षे बसत. समोरच्या चौकाला ज्या पुतळ्यावरून नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली बसविण्यात आला होता आणि १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पुतळा गेला, नाव राहिले. कोलटकरांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, तेव्हा त्यांना तेथे वाहतुकीच्या बेटावर पहुडलेले भटके कुत्रे, कचरा तुडविणारी स्त्री, कुष्ठरोग्यांचा वाद्यवृंद आणि सकाळी इडल्या घेऊन येणाऱ्या बाईभोवती जमणारी माणसे दिसली.

येथे कवीचे स्थान निर्विवाद आहे: तो खिडकीच्या आत आहे. जाहिरातक्षेत्रात नाव मिळविलेला, कॉफीचे पैसे देऊ शकणारा मनुष्य बाहेर पाहत आहे. ढसाळांच्या कवितेने हे अंतर जाळून टाकले. कोलटकर ते मान्य करतात आणि त्यातूनच आपली नीती घडवितात. कवितेतली माणसे त्याच्याकडे पाहत नाहीत, त्याच्याकडून काही मागत नाहीत. न्याहारीची त्यांची पंगत कोणत्याही उपाहारगृहाविना भरते आणि तिला जातीची, पाटीची किंवा मध्यरात्रीच्या सीमेची अट नसते. कोलटकरांच्या काव्यातील करुणेला कोरडेपणा आहे असे म्हटले जाते. तो कोरडेपणा म्हणजे खिडकीच्या काचेची प्रामाणिक कबुली आहे. आत बसलेल्या माणसाने बाहेर बसल्याचा आव आणलेला नाही.

६

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी 'सत्यकथा' बंद पडली. या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही, पण एका शहराची रात्र आणि एका शहराची वाडी एकाच वर्षी आपापली सत्ता गमावून बसली, एवढे म्हणता येते. गिरण्यांबरोबर रात्रपाळी गेली, पाळीबरोबर पहाटेचे गिऱ्हाईक गेले. इराण्यांची पुढची पिढी शिकून अन्य व्यवसायांकडे वळली आणि कोपऱ्यावरच्या जागेची किंमत तेथे विकल्या जाणाऱ्या चहाच्या कितीतरी पट झाली. शतक पालटल्यानंतर लवकरच 'वेसाइड इन' गेले. मार्च २०१५ मध्ये 'समोवार' बंद झाले. धोबीतलावचे १९०४ सालचे 'कयानी' यांसारखी काही जुनी हॉटेले तगून राहिली, त्यांना आता वारशाचा मान मिळतो. वारसा ठरलेल्या जागेत बसण्यासाठी मात्र रांग लागते, आणि रांग लागली की बसून राहता येत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलजवळ एका बहुराष्ट्रीय कॉफीसाखळीने देशातील आपले पहिले दुकान उघडले. अशा दुकानांविषयी केवळ तक्रारीचा सूर लावणे अन्यायाचे होईल. एकटी स्त्री तेथे संगणक उघडून तासनतास बसू शकते. इराण्याच्या मुख्य दालनाने तिला हे दिले नव्हते. मात्र जी निवड पूर्वी पाटी करीत होती, ती आता किंमतपत्रक करते. रात्रीच्या बाबतीतही असाच दुहेरीपणा आहे. २००५ साली राज्य शासनाने डान्स बारवर बंदी घातली आणि हजारो स्त्रियांची रात्रीची रोजी बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी अवैध ठरविली आणि नव्या कायद्यातील अनेक जाचक अटी २०१९ मध्ये रद्द केल्या. २७ जानेवारी २०२० पासून मॉल आणि बंदिस्त संकुलांतील उपाहारगृहांना चोवीस तास उघडे राहण्याची मोकळीक मिळाली. मध्यरात्रीची सीमा उठली ती आधी कुंपणाच्या आत. रस्त्यावरची टपरी मात्र पोलिसांच्या मर्जीवर राहिली. 'व्हाय लॉयटर?' (२०११) या ग्रंथात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईत स्त्रियांनी निष्कारण रेंगाळण्याचा हक्क मागितला आहे. ही मागणी वस्तुतः या साऱ्या इतिहासातून उरलेला प्रश्न आहे. काही विकत न घेता, कोणाच्या ओळखीविना, कोणत्याही प्रहरी, शहरात नुसते बसता येईल काय?

साठोत्तरी साहित्याच्या अभ्यासकाने इराण्याच्या टेबलाकडे वळावे ते या प्रश्नासाठी. संहितेच्या सूक्ष्म वाचनाला त्यामुळे बाध येत नाही. उलट संहितेतील आवाज कोठून बोलतो आहे हे कळल्याने ते वाचन अधिक नेमके होते. ते टेबल संगमरवरी होते याला फारसे महत्त्व नाही. त्याच्याशी कोण बसले, कोण उभे राहिले, कोण दाराबाहेर राहिले आणि दिवे मालवल्यावर कोण कोठे गेले, एवढे नोंदविल्याखेरीज त्या कालखंडाचा वाङ्मयेतिहास पुरा होणार नाही.